वसतिगृहाची ट्रंक आणि अपरिग्रहाचा प्रश्न

शिक्षणासाठी घर सोडून निघालेल्याने सोबत काय न्यावे, याच्या याद्या भारतात फार जुन्या आहेत. गृह्यसूत्रांत ब्रह्मचाऱ्याची यादी आहे, बौद्ध विनयात भिक्षूची, जैन आचारग्रंथांत मुनीची. आणि जून-जुलैत वसतिगृहाच्या प्रवेशाबरोबर हातात पडणाऱ्या सूचनापत्रात गादी, बादली, कुलूप, ताट-वाटी आणि मूळ दाखल्यांची. पहिल्या तीन याद्या धर्माच्या आणि चौथी निव्वळ सोयीची, असे वरवर वाटते. पण चारही याद्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: जगायला आणि शिकायला किती पुरते, आणि त्याहून जास्त बाळगले तर काय बिघडते? भारतीय तत्त्वचिंतनात या प्रश्नाचा विचार अपरिग्रह या नावाखाली झाला आहे.

‘परि’ म्हणजे चहूकडून आणि ‘ग्रह’ म्हणजे धरणे. चहूकडून धरून ठेवलेले ते परिग्रह. तसे न धरणे म्हणजे अपरिग्रह. पतंजलीच्या योगसूत्रांतील पाच यमांत तो शेवटचा आहे आणि जैनांच्या पाच महाव्रतांतही शेवटचाच. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने वस्तू बाळगण्यातले पाच दोष मोजले आहेत: ती मिळवण्याचे कष्ट, राखण्याची काळजी, नाश पावली की होणारे दुःख, तिच्याविषयी जडणारी आसक्ती आणि तिच्यापायी दुसऱ्याला होणारी इजा. ट्रंकेत ठेवायच्या कोणत्याही वस्तूला हे पाच दोष लावून पाहता येतात. नवी महागडी वस्तू घ्यायला पैसे लागतात, ठेवायला कुलूप लागते, हरवली तर जीव हळहळतो, न हरवली तर तिच्यातच गुंततो. पाचवा दोष मात्र मालकाला दिसत नाही. तो शेजाऱ्याला दिसतो. खोली दोघांची असेल तेव्हा तो विशेष जाणवतो.

ब्रह्मचाऱ्याचे सामान

उपनयन झालेल्या मुलाने गुरुगृही न्यायच्या वस्तू स्मृती आणि गृह्यसूत्रांनी ठरवून दिल्या आहेत: कमरेला मेखला, अंगावर अजिन म्हणजे कातडे, यज्ञोपवीत, हातात दंड आणि पाण्याला कमंडलू. मनुस्मृतीत असेही सांगितले आहे की यांपैकी काही फाटले-तुटले तर ते पाण्यात सोडून द्यावे आणि मंत्रपूर्वक नवे घ्यावे. त्याच ठिकाणी वर्ज्य वस्तूंचीही यादी येते. छत्री नको, पादत्राणे नकोत, काजळ नको, सुगंध आणि फुलांच्या माळा नकोत, मध नको.

या यादीत अन्न नाही, आणि हेच तिचे मर्म आहे. विद्यार्थ्याने रोजचे अन्न भिक्षा मागून आणायचे, ते गुरूपुढे ठेवायचे आणि गुरूने अनुज्ञा दिल्यावर खायचे. पहिली भिक्षा आईकडे, बहिणीकडे किंवा मावशीकडे, जी ‘नाही’ म्हणणार नाही अशा स्त्रीकडे मागावी, असा नियम आहे. आज मुंजीत होणारी भिक्षावळ हा त्याचाच अवशेष. घरात धान्याची कोठारे असलेल्या मुलालाही दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. अन्न वगळणे हा या शिक्षणाचाच एक भाग होता. जे सोबत नाही ते कुणाकडून तरी घ्यावे लागते, आणि घेताना देणाऱ्याशी नाते जुळते. गाव विद्यार्थ्याला पोसते, म्हणून विद्यार्थी गावाचा ऋणी होतो.

या व्यवस्थेची मर्यादाही त्या यादीतच लिहिलेली आहे. मेखला मुंज गवताची की धनुष्याच्या दोरीची, दंड केसांपर्यंत पोचणारा की कपाळापर्यंत की नाकापर्यंत, हे वर्णानुसार ठरे. सर्वांना साधेपणा सारखा, पण साधेपणाची खूण प्रत्येकाची वेगळी. शूद्रांना आणि स्त्रियांना तर या शिक्षणात प्रवेशच नव्हता. तेव्हा हा अपरिग्रह थोड्यांसाठी आखलेला होता, हे विसरून त्याचे गुणगान करता येत नाही.

भिक्षूची मोजदाद

बौद्ध परंपरेने सामानाचा प्रश्न सर्वांत काटेकोरपणे सोडवला. उपसंपदेच्या म्हणजे भिक्षूच्या पूर्ण दीक्षेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एक असा: पात्र आणि चीवर पूर्ण आहे ना? म्हणजे सामान नसेल तर प्रवेश नाही. थेरवाद परंपरेत रूढ झालेले आठ परिष्कार (आवश्यक वस्तू) असे: तीन चीवरे (वस्त्रे), भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. सुई आहे, कारण फाटलेले शिवायचे आहे. गाळणे आहे, कारण पाण्यातल्या जिवांची हिंसा टाळायची आहे. यादीतली प्रत्येक वस्तू कशासाठी, याचे उत्तर तयार आहे.

यादीबाहेरच्या वस्तूंसाठी नियम झाले. जास्तीचे चीवर दहा दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही, जास्तीचे पात्रही नाही. पात्राला पाच ठिकाणी सांधे पडण्याआधी नवे मागणे हा दोष मानला आहे. दहा दिवसांच्या सवलतीमागची विनयातली कथा या सगळ्या विचाराला वेगळे वळण देते. आधी नियम कडक होता. जास्तीचे वस्त्र ठेवायचेच नाही. बुद्धाचा शिष्य आनंद याला एक चीवर मिळाले, आणि ते सारिपुत्त या दुसऱ्या शिष्याला द्यावे असे त्याच्या मनात होते. सारिपुत्त साकेतला होता. तो किती दिवसांत येईल, असे बुद्धाने विचारले. नवव्या किंवा दहाव्या दिवशी, असे आनंदाने सांगितले. तेव्हा दहा दिवसांची मुदत ठरली. अपरिग्रहाचा नियम शिथिल झाला तो दुसऱ्यासाठी राखून ठेवलेल्या वस्तूपुरता.

महाराष्ट्रात या जीवनाचा दगडी पुरावा आहे. अजिंठ्याचे बारावे लेणे हा इसवी सनापूर्वीच्या काळातला विहार. मधल्या मंडपाच्या तीन बाजूंना बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दोन दगडी बाक कोरलेले आहेत. दोघांची खोली, दोन शय्या, मध्ये चालण्यापुरती जागा. ट्रंक ठेवायला जागा नाही, कारण ट्रंकच अपेक्षित नाही.

सातव्या शतकात नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने तिथल्या आचाराचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात तेरा आवश्यक वस्तूंची यादी आहे: नेसायची, पांघरायची, बसायची वस्त्रे, अंग आणि तोंड पुसायची फडकी, केस उतरवताना धरायचे वस्त्र, खरजेसाठी वेगळे वस्त्र. तेरावी वस्तू सर्वांत बोलकी आहे: औषधाच्या खर्चासाठी राखून ठेवलेले कापड. आजारी पडल्यावर ते देऊन औषध घ्यायचे. संपूर्ण जीवन भिक्षेवर सोपवलेल्या परंपरेनेही आजारपण दैवावर सोडले नाही. अपरिग्रह म्हणजे बेफिकिरी नव्हे, एवढे या एका कापडावरून कळते.

परिग्रह वस्तूत की मनात

याद्या केल्या तरी मूळ प्रश्न उरतोच. समजा, दोघांकडे तेवढ्याच वस्तू आहेत. एकाचा जीव त्यांत अडकला आहे, दुसऱ्याचा नाही. परिग्रही कोण? जैन परंपरेत या प्रश्नावर सर्वांत खोल विचार झाला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली. मूर्च्छा म्हणजे वस्तूविषयीची बेभान आसक्ती. वस्तू जवळ नसताना तिच्यासाठी झुरणारा परिग्रही असू शकतो, आणि वस्तू जवळ असून निर्लेप राहणारा अपरिग्रही.

ही व्याख्या श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही जैन संप्रदायांना मान्य आहे. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष दोघांचा वेगळा. श्वेतांबरांच्या मते संयमाला साहाय्य करणारी वस्त्रे आणि पात्रे हा परिग्रह नव्हे, कारण त्यांत मूर्च्छा नाही. दिगंबरांच्या मते वस्त्र ठेवले की ते धुणे आले, सांधणे आले, चोरीची भीती आली. तेव्हा वस्तू जवळ ठेवून आसक्ती टाळण्याचा दावा फसवा आहे. म्हणून दिगंबर मुनी तीनच उपकरणे ठेवतात: मोराने आपोआप टाकलेल्या पिसांची पिंछी, शुद्धीच्या पाण्याचा कमंडलू आणि शास्त्र. पिंछी हे संयमाचे उपकरण, कमंडलू हे शौचाचे आणि शास्त्र हे ज्ञानाचे. अंगावरचे वस्त्रही सोडणाऱ्याला ग्रंथ मात्र ठेवता येतो, ही गोष्ट विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दिगंबरांच्या युक्तिवादाला पोषक अशी एक लोककथा भारतभर सांगितली जाते. गुरू परगावी गेले असताना त्यांच्या साधू शिष्याची लंगोटी उंदीर कुरतडतात, म्हणून तो मांजर पाळतो. मांजराला दूध हवे म्हणून गाय, गाईला चारा हवा म्हणून शेत, शेत बघायला माणसे, आणि अखेर घर सांभाळायला बायको. गुरू परत येतात तेव्हा शिष्य गृहस्थ झालेला असतो. एका वस्तूच्या पोटात दुसरी वस्तू दडलेली असते, असा या कथेचा मुद्दा आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर इलेक्ट्रिक किटली आली की एक्स्टेंशन बोर्ड आला, त्यापाठोपाठ कप, साखर, दूध पावडर आणि मुंग्याही आल्या.

दोन्ही मतांत तथ्य आहे. वस्तू मोजून मन मोजता येत नाही, हे श्वेतांबरांचे म्हणणे खरे. मन वस्तूंवाचून ओळखता येत नाही, हे दिगंबरांचे म्हणणेही खरे. सामान भरणाऱ्याच्या हातात मन नसते, वस्तू असतात. म्हणून सुरुवात वस्तूंपासूनच करावी लागते.

अभाव म्हणजे अपरिग्रह नव्हे

अपरिग्रह हा सोडण्याचा गुण आहे. ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही नाही, त्याला तो लागू करणे ही चेष्टा ठरते. महाराष्ट्रातील वसतिगृहांचा इतिहास हा भेद स्पष्ट करतो.

एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वळकटी आणि तांब्या घेऊन येई आणि वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागे. जुन्या भिक्षाधर्माचेच हे नागरी रूप होते. ओशाळवाणे प्रसंग त्यात येत, पण मुलाचे शिक्षण पार पडे. ही सोय मात्र जातीच्या आत होती. मराठा, लिंगायत, मुस्लिम किंवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलाला शहरात वार लावून जेवायला दार नव्हते. त्याच्या वळकटीत कमी सामान असणे हा धर्म नव्हता. ती अडवणूक होती.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि साहाय्य दिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. वसतिगृह म्हणजे निवारा आणि जेवणाची हमी. इत्सिंगच्या यादीतल्या तेराव्या कापडासारखी, पण संपूर्ण समाजासाठी विणलेली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच्यापुढचे पाऊल टाकले. ते जैन कुटुंबात जन्मले होते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शेतात, स्वयंपाकघरात स्वतः राबत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिले गेले. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. येथे अपरिग्रह कुणी पाळला, हे पाहण्यासारखे आहे. मुलांनी नव्हे, मुलांकडे सोडायला काही नव्हते. तो लक्ष्मीबाईंनी पाळला, आणि त्यातून मुलांचे ताट भरले.

विनोबा भावे यांनी १९१६ साली घर सोडण्याआधी आपली प्रमाणपत्रे चुलीत जाळली. ज्या घरात शिक्षण आधीपासून होते, तिथल्या मुलाने केलेला तो त्याग होता. ज्याच्या घराण्यात त्याच्याआधी कुणाला शाळेचे दार दिसले नव्हते, त्याच्यासाठी तोच कागद जपून ठेवण्याची वस्तू आहे. आजही सामानाच्या यादीत दाखल्यांची फाइल सर्वांत वर असते: शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. या फाइलला परिग्रह म्हणता येत नाही. एकच वस्तू एकाचे ओझे आणि दुसऱ्याचा आधार असते, म्हणून सर्वांसाठी एकच यादी धर्माच्या नावाने देता येत नाही.

आजच्या ट्रंकेच्या कसोट्या

यादी देता येत नसली तरी कसोट्या देता येतात. परंपरेतून तीन निघतात.

पहिली विनयाची: वस्तू कशासाठी आणि किती दिवसांसाठी? गादी, उशी, दोन चादरी, पांघरूण, मच्छरदाणी, बादली, मग, कुलूप, ताट-वाटी-पेला, छत्री, सुई-दोरा, औषधांची पिशवी, लागणारी पुस्तके. प्रत्येकीचे काम सांगता येते. चौथा टॉवेल आणि ‘लागला तर असू दे’ म्हणून भरलेला सातवा शर्ट या प्रश्नापाशी अडखळतात. पावसाळ्यात निघताना स्वेटर न्यावा की दिवाळीला घरी आल्यावर न्यावा, हाही मुदतीचाच प्रश्न आहे.

दुसरी कसोटी जैनांची: वस्तू उपकरण आहे की मूर्च्छा? लॅपटॉप आणि फोन यांना ती नेमकी लागते. ज्ञानाचे उपकरण म्हणून त्यांची जागा मुनीजवळच्या शास्त्राची. पण त्याच काचेवर रात्रीचे तीन वाजत असतील, तर ती मूर्च्छेची. वजनाने ट्रंकेतली हलक्यात हलकी वस्तू सर्वांत मोठा परिग्रह ठरू शकते.

तिसरी कसोटी भागवताची आहे. सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगताना म्हणतो की पोट भरेल एवढ्यावरच माणसाचा हक्क आहे, त्याहून अधिक आपले मानणारा चोर ठरतो. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर जी पत्रे लिहिली, त्यांतही अस्तेय (चोरी न करणे) आणि अपरिग्रह जोडूनच विचारात घेतले आहेत. एरवी हा विचार टोकाचा वाटतो. दोन खाटा, दोन टेबले, एक खिडकी आणि एकच प्लग पॉइंट असलेल्या खोलीत तो रोजच्या व्यवहाराचा होतो. एकाची तिसरी बॅग दुसऱ्याच्या पाय ठेवायच्या जागेवरच ठेवलेली असते.

काही वस्तू या तिन्ही कसोट्यांच्या कडेला राहतात. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी ही गरज आहे की आसक्ती? ऊब चादरीनेही मिळाली असती. डब्यातले लाडू, चिवडा, लोणचे, मेतकूट यांचेही तसेच. पण हा डबा सहसा पहिल्याच रात्री खोलीत उघडतो आणि मजल्यावरच्या दहा जणांत संपतो. आनंदाने सारिपुत्तासाठी राखलेल्या चीवराची जी जात, तीच या डब्याची. कुणाला तरी द्यायचे म्हणून बाळगलेले परिग्रहात मोडत नाही, असे विनयाचा दाखला घेऊन म्हणता येते. गोधडीचा निर्णय मात्र जैन कसोटीवरच सोपवावा लागतो: ती अंगावर घेऊन झोप लागते, की तिच्यावाचून झोपच लागत नाही?

देवाचाही प्रश्न असतो. महाराष्ट्रातील घरांत कुलदैवताचे टाक देव्हाऱ्यात राहतात. ते कुटुंबाचे असतात, एकट्या मुलाबरोबर ते पाठवत नाहीत. त्याच्या पाकिटात अंगाऱ्याची पुडी आणि एखादा फोटो जातो. वारकऱ्याची तुळशीची माळ गळ्यात असते, लिंगायताचे इष्टलिंग अंगावर. त्यांना ट्रंकेत जागा शोधावी लागत नाही. बसवेश्वरांच्या बाराव्या शतकातल्या लिंगायत चळवळीने देव स्थावर मंदिरातून काढून चालत्या देहाशी जोडला. घर सोडणाऱ्यासाठी त्याचा साधा अर्थ असा, की पूजेसाठी वेगळे सामान लागत नाही.

समावर्तन

ब्रह्मचाऱ्याच्या यादीला शेवट होता. शिक्षण संपल्यावर समावर्तनात तो स्नान करी, मेखला आणि दंड उतरवी, आणि शिकत असताना वर्ज्य असलेल्या वस्तू त्याला दिल्या जात: नवे वस्त्र, पागोटे, पादत्राणे, छत्री, आरसा, काजळ, फुलांची माळ. त्या स्नानामुळे त्याला स्नातक म्हणत. पदवीधराला आजही हाच शब्द आहे. महाराष्ट्रात त्याचा अवशेष सोडमुंजीत दिसतो. बटू काशीला निघतो आणि मामा मुलगी देण्याचे कबूल करून त्याला मागे वळवतो.

यावरून विद्यार्थ्याचा आणि संन्याशाचा अपरिग्रह वेगळे पडतात. संन्यासी वस्तू कायमच्या सोडतो. विद्यार्थी मुदतीसाठी सोडतो. छत्री वाईट म्हणून नव्हे, तर तिच्यावाचूनही चालता येते हे एकदा कळावे म्हणून. त्यानंतर परत मिळालेली छत्री तीच असली तरी धरणारा हात बदललेला असतो. योगसूत्रांनी अपरिग्रह स्थिर झाल्याचे फळ आपल्या जन्माचे कसे आणि का यांचे ज्ञान, असे सांगितले आहे. विद्यार्थ्याच्या पातळीवर त्याचा माफक अर्थ घेता येतो: आपण कशावर आणि कुणावर उभे आहोत हे कळणे. सामान कमी असलेल्याला इस्त्री, सुई, नोट्स किंवा परीक्षेच्या सकाळी गजर, काहीतरी शेजाऱ्याकडे मागावेच लागते. आणि मागितले की हे कळत जाते.

वसतिगृहांत समावर्तनाचा एक बिनमंत्राचा विधीही चालतो. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी निघताना बादली, गादी, टेबलावरचा दिवा आणि पुस्तके मागे ठेवतो; पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या कुणाला तरी ती मिळतात. ट्रंक येताना होती त्याहून हलकी होऊन घरी जाते, आणि नव्याने येणाऱ्याच्या यादीतून एक बादली कमी होते.